सेवाजाळी व नैसर्गिक आपत्ती

रस्ते, लोहमार्ग, धरणे, वीज व पाणीपुरवठा यांच्या जाळ्यांस पूर, भूकंप, अवर्षण इत्यादींमुळे पोहोचू शकणाऱ्या हानीचे आगाऊ मूल्यमापन. आपत्तीची संभाव्यता व तीव्रता, बांधकामाची दुर्बलता आणि त्यावर अवलंबून असणारी लोकवस्ती यांवरून धोका ठरविला जातो. महाराष्ट्रात या विचारास चालना मिळाली, ती मुख्यतः दुर्घटनांमुळे.

१२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेले पानशेत धरण फुटले. त्याच्या लोंढ्याने खालच्या बाजूचे, एकोणिसाव्या शतकातील खडकवासला धरणही फोडले व पुण्याचा मोठा भाग जलमय झाला. खडकवासला हाच शहराचा प्रमुख जलस्रोत असल्याने पूर ओसरताच पाण्याची टंचाई उद्‌भवली. जाळ्यातील एक दुवा तुटल्यास पुढचे दुवेही तुटत जातात, हे यावरून स्पष्ट झाले.

दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, असा समज पूर्वी रूढ होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरच्या भूकंपाने तो खोटा ठरविला. या भूकंपात सु. १८० माणसे मृत्युमुखी पडली. धरण टिकले, तथापि त्याच्या वरच्या भागास भेगा पडल्या आणि दूरवरच्या मुंबईचा वीजपुरवठाही विस्कळित झाला. त्यानंतर धरण बळकट करण्यात आले व १९७० मध्ये भूकंपविषयक भारतीय मानकाच्या विभागवार नकाशात बदल करण्यात आले.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळील सावित्री नदीवरचा, १९२८ मध्ये बांधलेला दगडी पूल पुरात कोसळून दोन एस. टी. गाड्या वाहून गेल्या. शेजारचा नवा पूल मात्र टिकला. पूर एकच असूनही बांधकामाच्या स्थितीनुसार धोका भिन्न असतो, हे येथे दिसते.

१९९८ मध्ये अकोला जिल्ह्यातून निर्माण झालेल्या वाशीम जिल्ह्यास हे अनुभव मार्गदर्शक आहेत. तापी व गोदावरी या खोऱ्यांचा जलविभाजक येथून जातो. काटेपूर्णा उत्तरेकडे, तर अडाण व अरुणावती पैनगंगेकडे वाहतात. नद्यांच्या उगमाकडील या प्रदेशात ओढ्यांना अल्पावधीत पूर येतात व उन्हाळ्यात त्यांचे पात्र कोरडे पडते. काळी जमीन ओलाव्याने फुगते व वाळल्यावर भेगाळते. त्यामुळे रस्ते आणि जलवाहिन्या यांवर ताण पडतो. वाशीम शहराला एकबुर्जी जलाशयातून पाणी मिळते. त्यामुळे येथे पुराइतकाच अवर्षणाचाही विचार करावा लागतो. केवळ जुन्या नोंदींवर विसंबून न राहता प्रत्येक पूल, मोरी व जलस्रोत निकामी झाल्यास कोणती गावे तुटतील आणि पर्यायी मार्ग कोणता, याची आगाऊ नोंद ठेवणे हेच मूल्यमापनाचे खरे प्रयोजन होय.