‘पॅड थाई’तला ‘थाई’

शिक्षण आणि नोकऱ्यांच्या निमित्ताने आम्हां मित्रमंडळींची पांगापांग झाली. त्यानंतरच्या भेटी कधी मुंबईत, कधी लंडनला, कधी लॉस एंजेलिसला होत गेल्या आणि बहुतेक वेळा जेवण थाईच ठरत गेले. मंडळींत शाकाहारी आहेत, मासेखाऊ आहेत, तिखटाला भिणारेही आहेत. त्या सर्वांना मान्य होणारी ती तडजोड होती. शहर कोणतेही असो, मेनूकार्डावर हिरवी करी, लाल करी, मसमान, तोम याम, सोम ताम आणि पॅड थाई हे ठरलेले. तितकाच ठरलेला आमचा वाद: हे ‘अस्सल’ थाई आहे का? या प्रश्नाचा निकाल जिभेवर लागत नाही. त्यासाठी ‘थाई’ या शब्दाचाच इतिहास पाहावा लागतो.

हा शब्द देशाच्या नावात शिरला तो १९३९ साली. तोवर जगाला तो देश ‘सयाम’ म्हणून ठाऊक होता. पंतप्रधान फिबुनसोंग्राम यांच्या लष्करी वळणाच्या सरकारने तो ‘थायलंड’ केला. महायुद्धानंतर काही काळ जुने नाव परतले. १९४९ पासून मात्र ‘थायलंड’च कायम झाले. नाव बदलण्यामागे निश्चित हेतू होता. लाओ, मलय, चिनी, ख्मेर अशा अनेक समूहांच्या देशावर एकाच ‘थाई’ राष्ट्राचा ठसा उमटवायचा होता. १९३९ ते १९४२ या काळात बारा सांस्कृतिक फर्माने निघाली. राष्ट्रगीताला उभे राहणे, पोशाख, भाषा, दिनक्रम असे बरेच काही त्यांत आले. याच सुमारास सरकारने नूडल्स खाण्याचा आणि विकण्याचा प्रचार आरंभला. युद्धाची टंचाई होती आणि १९४२ साली मोठा पूर आला होता; तुकडा तांदळाच्या नूडल्समध्ये थोडक्यात अधिक पोटे भरत.

पॅड थाईचा प्रसार या मोहिमेतून झाला. त्याचे पूर्ण नाव ‘कुएतिआव पॅड थाई’, म्हणजे थाई पद्धतीने परतलेल्या नूडल्स. यातला ‘कुएतिआव’ हा शब्द चिनी, नूडल्स चिनी आणि त्या परतण्याची रीतही चिनीच. चिंच, ताडगूळ आणि माशांच्या खारवणाचे ‘नाम प्ला’ घालून तिला स्थानिक वळण मिळाले. पण खरा विरोधाभास पुढेच आहे. चिनी स्थलांतरितांचा पदार्थ राष्ट्राच्या नावाने गौरवणारे हेच सरकार त्या स्थलांतरितांच्या शाळा बंद करत होते आणि काही व्यवसाय थाई नागरिकांपुरते राखून ठेवत होते. पदार्थाला नागरिकत्व मिळाले. तो आणणाऱ्यांकडे मात्र संशयाने पाहिले गेले.

सोम तामची कथा याहून वेगळी नाही. कच्च्या पपईची ही आंबट-तिखट कोशिंबीर मूळची लाओ लोकांची, ईशान्य थायलंडच्या इसान प्रांताची. हा प्रदेश एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बँकॉकच्या थेट अमलाखाली आणला गेला. १९०१-०२ च्या सुमारास तिथे बंड झाले आणि ते चिरडले गेले. पुढे कोरडवाहू शेतीला कंटाळलेली इसानी माणसे मजुरीसाठी बँकॉकला आली आणि आपली खलबत्त्यात कुटलेली कोशिंबीर बरोबर घेऊन आली. राजधानीत तिच्यातला आंबवलेल्या माशांचा उग्र वास कमी झाला. शेंगदाणे, सोडे आणि गोडवा वाढला. परदेशी मेनूकार्डावर आपल्याला भेटते ती बहुधा ही सौम्य झालेली आवृत्ती. ‘लाओ’ हा शब्द बँकॉकमध्ये हिणवण्यासाठी वापरला जात असताना लाओंची कोशिंबीर राष्ट्राचे भूषण ठरली.

मग अस्सल ते उरले काय? त्याहून मागे जावे तर गुंता वाढतच जातो. मिरची मूळची अमेरिकेची, पपईही तिकडचीच. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, १५११ साली मलाक्का घेतली आणि त्याच वर्षी मलाक्काहून त्यांचा दूत सयामची राजधानी आयुथया येथे पोचला. आपल्या आणि त्यांच्या मिरचीचा प्रवास या एकाच सागरी वाटेवरचा आहे. मसमान हे नाव ‘मुसलमान’ शब्दावरून आले. दालचिनी, वेलची, लवंग असा सुका गरम मसाला असलेली ही करी मुसलमान व्यापाऱ्यांच्या वावराची खूण होय. राजा दुसरा राम (कारकीर्द १८०९ ते १८२४) याच्या जेवणावरील काव्यात तिचा उल्लेख आहे. अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या सोनेरी शेवया, ‘फोय थोंग’, या तर पोर्तुगालच्या मिठाईची सख्खी बहीण. परंपरा त्यांचे श्रेय मारिया गुयोमार द पिन्या हिला देते. जपानी आणि पोर्तुगीज वंशाची ही बाई आयुथयेत जन्मली. तिचा ग्रीक नवरा कॉन्स्टंटाइन फॉल्कन राजाचा प्रमुख सल्लागार झाला आणि १६८८ च्या उठावात मारला गेला.

हे अन्न परदेशी गेले तेही सरळ मार्गाने नव्हे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात थायलंडमध्ये अमेरिकेचे हवाई तळ होते आणि सैनिक सुट्टीला बँकॉकला येत. १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर थाई विद्यार्थी आणि कामगार लॉस एंजेलिसला येऊ लागले. १९७१ साली तिथे ‘बँकॉक मार्केट’ हे दुकान निघाले आणि गवती चहा, नाम प्ला, नारळाचे दूध या वस्तू हाताशी आल्या. २०१९ मध्ये ते बंद झाले. १९९९ साली तिथल्या नगर परिषदेने हॉलिवूडच्या एका भागाला अधिकृतपणे ‘थाई टाउन’ म्हटले. मात्र त्याच महानगराच्या परिसरात, एल मॉन्टे येथे, ऑगस्ट १९९५ मध्ये काटेरी तारांच्या कुंपणाआड डांबून कपडे शिवून घेतले जाणारे ७२ थाई कामगार सोडवले गेले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. काहींची कैद काही वर्षांची होती. थाई माणसाची ओळख शहराला त्याच्या जेवणातून झाली, पण त्याच शहरात राबणारी थाई माणसे त्याला दिसली नव्हती.

मेनूकार्डे सगळीकडे सारखी का, याच्या उत्तराचा एक भागही सरकारी आहे. २००२ साली थाई सरकारने ‘ग्लोबल थाई’ ही मोहीम सुरू केली. परदेशांत तेव्हा सुमारे ५,५०० थाई उपाहारगृहे होती; ती वाढवण्यासाठी कर्जे, आचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि ‘थाई सिलेक्ट’ हे प्रमाणचिन्ह आले. फिबुन यांच्या काळात स्वदेशात जे झाले, तेच आता जगाच्या बाजारात झाले: एका देशाची एक थाळी ठरवली गेली.

मुंबईत हे जेवण त्याआधीच पोचले होते. कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलमधील ‘थाई पॅव्हेलियन’ १९९३ चे. इथे शाकाहारी मंडळी नाम प्ला वगळायला सांगतात आणि करीत पनीरही येते. कोणी नाक मुरडते. पण गवती चहा ज्यांच्या परसात असतो, आणि नारळाचा रस व सुकवलेला जवळा ज्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांना या जेवणाला परके म्हणणे कठीण आहे. थाई भाषेत जेवणे म्हणजे ‘किन खाओ’, शब्दशः भात खाणे. ‘भात खाल्लास का?’ हे तिथले क्षेमकुशल विचारणे आहे. आपल्याकडच्या ‘जेवलात का?’ची आठवण त्याने व्हावी.

त्या भाषेने आमच्या जेवणाची रीतही बदलली. भाताबरोबरच्या साऱ्या पदार्थांना ‘काप खाओ’ म्हणतात. ते सर्वांच्या मध्ये ठेवायचे आणि थोडेथोडे वाढून घ्यायचे: एक आंबट, एक तिखट, एक सौम्य. प्रत्येकाने आपापली करी मागवली की हा तोल मोडतो. पूर्वी आम्ही तसेच करत असू, आता करत नाही.

‘अस्सल’चा वादही आम्ही सोडला आहे. पदार्थ कुणाचा, हा प्रश्न मात्र सोडवत नाही. राष्ट्रे पाहुण्यांचे अन्न पटकन आपले म्हणतात, पाहुण्यांना आपले म्हणायला त्यांना पिढ्या लागतात. हे थायलंडमध्ये घडले, अमेरिकेत घडले आणि इतरत्रही घडतच असते. मध्ये ठेवलेल्या त्या ताटल्यांतून वाढून घेताना एवढे भान ठेवले, तर चवीत काही उणे होत नाही.