जे. जे. स्कूल : कारागिरांसाठी काढलेली शाळा

1851 साली लंडन येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हिंदी कापड व धातुकामाची वाहवा झाली. ते घडविणारे हात मात्र यंत्राच्या मालामुळे रिकामे होत चालले होते. या पार्श्वभूमीवर 1853 मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांनी मुंबईत कला व उद्योगांचे शिक्षण देण्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. मार्च 1857 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये वर्ग सुरू झाले.

संकल्प कारागिराचा होता; शिक्षण मात्र रेखाटनाचे झाले. ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती पुढ्यात ठेवून विद्यार्थी छायाप्रकाश गिरवीत. परंपरेने सुतार किंवा तांबट असलेल्या मुलाला त्याचा उपयोग काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेलाच असावा.

1865 मध्ये तीन शिक्षक इंग्लंडहून आले आणि चित्र पालटले. जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे सजावटी चित्रकला, लॉकवुड किपलिंग यांच्याकडे वास्तुशिल्प आणि हिगिन्स यांच्याकडे लोखंडी नक्षीकाम अशी वाटणी झाली. (रुडयार्ड किपलिंगचा जन्म त्याच वर्षी मुंबईत झाला, मुलाच्या कीर्तीपुढे बापाचे काम झाकले गेले.) मुंबई तेव्हा नव्याने बांधली जात होती. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील उठावशिल्पे किपलिंग यांची, तर 1878 ते 1888 या काळात उभ्या राहिलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसची बरीच सजावट शाळेच्या विद्यार्थ्यांची होय. ही शाळेची खरी कामगिरी. शहराला काम हवे होते आणि शाळा ते करून देत होती. किपलिंग 1875 मध्ये लाहोरच्या मेयो स्कूलचे प्रमुख म्हणून गेले.

याच दशकात जॉर्ज टेरी यांनी कुंभारकामाची शाखा काढली व सिंधमधून कुंभार आणविले. सिंधमध्ये निळ्या-पांढऱ्या चकाकीच्या फरशा मशिदी व दर्ग्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या बनत आल्या होत्या. मुंबईत त्याच परंपरेच्या हातांनी फुलदाण्या केल्या, आणि ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी 1872 पासून अजिंठ्यात ज्या चित्रांच्या नकला करीत होते, त्या चित्रांतील आकृतीही भांड्यांवर उतरल्या. बौद्ध लेण्यातील चित्र, सिंधी कुंभाराची चकाकी, इंग्रज गिऱ्हाईक! मात्र ही भांडी टेरींच्या नावाने ओळखली जातात. घडविणाऱ्यांची नावे क्वचितच कोणी घेतो. अजिंठ्याच्या नकलांपैकी पुष्कळशा 1885 मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या.

1891 मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने कर्मशाळा निघाल्या. गालिचे, लाकडावरील कोरीवकाम, धातुकाम असे व्यवसाय येथे प्रत्यक्ष शिकविले जात. मूळ संकल्पाशी शाळा पुन्हा जवळ आली, असे म्हणता येईल. पण प्रतिष्ठा चित्रकाराच्या बाजूला सरकली होती आणि कारागीर त्याच आवारात राहूनही दुय्यम ठरला. एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांमुळे शाळेचे रेखाटन गावोगावच्या वर्गांत पोहोचले, पण त्यातून तयार झाले ते मुख्यतः चित्रकलाशिक्षक.

कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी 1920 च्या सुमारास भित्तिचित्रांचा वर्ग काढला. त्यातील विद्यार्थ्यांनी नवी दिल्लीच्या सचिवालयात चित्रे रंगविली. 1935 मध्ये व्यापारी कलेचा वर्ग सुरू झाला आणि 1961 मध्ये उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. जाहिरात, वेष्टन, अक्षररचना यांना तेथे विभाग मिळाला. 1853 च्या देणगीच्या मुळाशी असलेला विणकर व तांबट मात्र त्या वर्गात बसलेला नव्हता.