आयरिश विणकर व कुळे यांचा वंशशोध
आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात अठराव्या शतकात शेती व लिनन विणकाम बहुधा एकाच घरात चाले. खंडाने घेतलेल्या तुकड्यात जवस पिके, बायका सूत कातत आणि पुरुष मागावर विणत. त्यामुळे एकाच व्यक्तीची नोंद कधी ‘विणकर’, तर कधी ‘शेतकरी’ अशी आढळते.

१९२२ मध्ये यादवी युद्धाच्या प्रारंभी डब्लिनचे सार्वजनिक अभिलेखागार जळाले व १८२१–५१ च्या जनगणनांची बहुतेक कागदपत्रे नष्ट झाली. १८६१–९१ च्या जनगणनांचे कागद सरकारनेच आधी नष्ट केले होते. १९०१ व १९११ च्या जनगणना मात्र उपलब्ध आहेत.

त्यापूर्वीच्या काळासाठी तीन साधने मोलाची ठरतात : जवस लावणाऱ्यांना चरखे व माग बक्षीस देताना लिनन मंडळाने केलेली १७९६ ची यादी (सुमारे ६०,००० नावे), दशमांश कराची पुस्तके (१८२३–३७), आणि कूळ, जमीनदार, क्षेत्र व मूल्य नोंदवणारे ग्रिफिथ मूल्यांकन (१८४७–६४). भूमिहीन विणकर यांत सहसा सापडत नाहीत. त्यांच्यासाठी चर्चच्या बाप्तिस्मा व विवाह नोंदवह्या पाहाव्या लागतात. पूर्वजाचे ‘टाउनलँड’, म्हणजे जमीनविभागणीचा सर्वांत लहान घटक, कळणे ही या शोधाची गुरुकिल्ली होय.