वळणावरची शंभर यार्डं

खर्ड्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी धाव कोणी मोजलेली नाही. ती ११ मार्च १७९५ च्या रात्रीची. दिवसाची लढाई थांबली होती. ग्रँट डफने जे लिहून ठेवले आहे त्यावरून, मराठ्यांची एक लहानशी टोळी घोड्यांना पाणी शोधत एका ओढ्याकाठी आली. तिथे पडलेल्या मोगली शिपायांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या, त्या आवाजाने रेमाँच्या पलटणीचे पहारेकरी बिथरले, आणि काळोखात सगळी फळीच गोळ्या झाडत सुटली. निजामअलीचा धीर सुटला. त्याने खर्ड्याच्या भुईकोटात आसरा घेतला आणि पुढे तहात वजीर मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या ओलीस गेला. त्या रात्री किती माणसे किती वेगाने पळाली असतील, हा प्रश्न इतिहासकाराला पडत नाही. मला पडला, कारण रोज पहाटे त्याच किल्ल्याशेजारून पळणारी मुले मी पाहतो.

ही मुले पोलीस भरतीची. जामखेड, भूम, आष्टी या तिन्ही तालुक्यांत पावसाची खात्री नाही आणि कारखान्याच्या तोडीला जायचे नसेल तर वर्दी हा एकच सरळ रस्ता दिसतो. शारीरिक चाचणीचे गुण ५०. त्यांतले १५ गुण १०० मीटरच्या धावेला. मुलगा असो की मुलगी, या १५ गुणांचा निकाल १२–१५ सेकंदांत लागतो आणि त्यावर घरातल्या चार माणसांची पुढची तीस वर्षे अवलंबून असतात.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका मुलाने मला त्याची वेळ घ्यायला बोलावले. माझ्याकडे स्टॉपवॉच होते, आणि इतिहासाची पुस्तके वाचणारा माणूस सगळेच जाणतो असा गावात एक समज असतो. दोन दिवस त्याचे पळणे पाहून मी म्हणालो, "अरे, ढांगा आखूड पडतात तुझ्या. लांब टाक." तो लांब टाकू लागला. दिसायला झकास. भरतीत त्याचे शंभर मीटरचे गुण आधीच्या वर्षापेक्षा कमी झाले आणि यादीतून तो थोडक्यात सुटला. त्याने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बहुधा मी हा विषय तिथेच सोडला असता.

मग मी वाचू लागलो, आणि आधी आपल्याच दप्तरांकडे गेलो. मराठेशाहीत पळणे हा एक पेशा होता. पत्रांतून 'जासूदजोडी' रवाना केल्याचे उल्लेख जागोजाग येतात. जोडी अशासाठी की एकाचे वाटेत काही झाले तर दुसरा पोचावा. पण त्यांचा वेग मोजला जाई तो मजलांत आणि दिवसांत. अमुक पत्र इतक्या रोजांत पोचले, एवढीच नोंद. शंभर पावलांच्या आत कोण पुढे, याचे कोणाला सोयरसुतक असण्याचे कारणच नव्हते. तेवढ्या अंतराला घोडा होता. माणसाची कमाल गती ही कल्पना आखलेली सरळ वाट आणि सेकंदाचा काटा, या दोन गोष्टी हाती आल्याशिवाय जन्मूच शकत नाही. म्हणून ज्या प्रदेशात माणसे दिवसभर पळू शकत होती, तिथे जोरात पळण्याचे शास्त्र मात्र नव्हते.

या दोन जगांची गाठ पडलेली एक जागा मला सापडली, ती पुण्यात. डेक्कन जिमखाना १९०६ चा. त्याचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटांकडे आले, आणि १९१९ च्या सुमारास तिथल्या मैदानी स्पर्धा पाहून ते चकित झाले. दहा वर्षांनी, १९२९ साली, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष बायए-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती हकीकत सांगितली आहे. स्पर्धक शेतकरी घरातली मुले. खाणे बेताचे, शिकवणी शून्य, युरोपीय नियम ठाऊक नाहीत. मैदान लहान आणि खडबडीत गवताचे. तिथे १०० यार्डांच्या फेऱ्या वळणावरून घ्यायचे ठरले होते, तेही मधे दोऱ्या न बांधता. पळणे म्हणजे पळणे, ते कसे आणि कुठे याचे या लोकांना काही नव्हते, असा त्या पत्राचा सूर. थोडा वरून पाहणारा सूर आहे, हे खरे. पण टाटांची नजर नेमकी जागी पडली होती.

ती किती नेमकी, हे हिशेब मांडल्यावर कळते. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. अर्धवर्तुळाचे वळण असेल आणि दोऱ्या नसतील, तर आतल्या गड्यापासून एक मीटर बाहेर पळणाऱ्याला ३.१४ मीटर जादा कापावे लागतात. म्हणजे निम्मी शर्यत रेटारेटीतच ठरते. उरलेली निम्मी शरीराच्या ठेवणीत. वळणावर पळताना माणसाला नुसते स्वतःचे वजन तोलायचे नसते, अंग आतल्या बाजूला ओढूनही घ्यायचे असते. जमिनीवर मारलेल्या जोराचा एक वाटा त्यातच खर्ची पडतो. आतला पाय बाहेरच्या पायाइतका जोर देऊ शकत नाही, आणि वळण जितके आखूड तितका हा तोटा मोठा. अनवाणी पाय गवतावर घसरत असतील ते वेगळेच. अशा मैदानावर सर्वांत वेगवान मुलगा कोणता हे कोणालाच कळले नसते. लांब अंतराला मात्र या गोष्टी फारशा आड येत नाहीत. तिथली मुलांची वेळ पाहून गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी ती युरोप-अमेरिकेशी ताडून पाहण्याजोगी ठरवली, आणि त्यातूनच अँटवर्पची वाट निघाली.

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला गेलेल्या चमूत बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते १९ वे आले, वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. १०० मीटरला पुर्मा बॅनर्जी धावले, ते पहिल्या फेरीतच बाद झाले. ही शर्यत जिंकली अमेरिकेच्या चार्ली पॅडॉकने, १०.८ सेकंदांत. शेवटच्या पावलाला फितीवर झेप घेण्यासाठी हा गडी प्रसिद्ध होता. ३१ वर्षांनी, १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत, मुंबईच्या लेव्ही पिंटो यांनी १०० मीटरचे सुवर्ण जिंकले ते याच वेळेत, १०.८. त्या पिंटोंचे नाव आज मुंबईत तरी कितीजणांना ठाऊक असेल?

आता माझ्या सल्ल्याकडे येतो. 'लांब टाक' हे मला कुठून सुचले? डोळ्यांवरून. जेरिकोने १८२१ साली एप्समच्या शर्यतीचे जे चित्र काढले, त्यात घोड्यांचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले आहेत, चारही अधांतरी. १८७८ मध्ये मायब्रिजने कॅलिफोर्नियात कॅमेऱ्यांची रांग लावून धावत्या घोड्याच्या छबी घेतल्या तेव्हा दिसले की चारही पाय उचललेले असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. माणसाचे पळणे घोड्यासारखे नाही, तरी फसवणूक तीच. ताणलेले अंग डोळ्याला वेगवान वाटते.

पुढे मोजमाप सुरू झाले. १९२७ मध्ये ए. व्ही. हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावपटूच्या अंगावर लोहचुंबक बांधला आणि वाटेत तारांची वेटोळी ठेवून क्षणाक्षणाचा वेग टिपला. १९३० मध्ये वॉलेस फेन यांनी चलच्चित्राच्या फिती तपासून दाखवले की पळणाऱ्याची मोठी शक्ती स्वतःचेच हातपाय पुढेमागे करण्यात जाते. यावरून साहजिकच वाटेल की जो पाय भराभर हलवतो तो वेगवान. ही समजूत पीटर वेयंड आणि सहकाऱ्यांनी २००० साली मोडली. ताशी सुमारे २२ किलोमीटर आणि ताशी ४० किलोमीटर अशी कमाल गती असलेल्या माणसांची त्यांनी तुलना केली. हवेतला पाय पुढे आणायला दोघांनाही जवळपास सारखाच वेळ लागत होता. फरक होता जमिनीवर मारलेल्या जोरात. पाय टेकलेला असतो तो सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी, आणि तेवढ्यात वेगवान माणूस जमीन अधिक जोराने दाबतो. त्या दाबाने तो हवेत राहतो आणि ढांग आपोआप लांब पडते. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांत १०० मीटर कापले ते ४१ ढांगांत, म्हणजे सरासरी एकीला २.४४ मीटर. ती लांबी हे फळ आहे. मी फळच लावायला सांगितले होते. पाऊल कमरेच्या फार पुढे पडले की ते पुढे नेण्याऐवजी लगाम घालते. त्या मुलाने माझे ऐकून दर पावलाला स्वतःलाच अडवले.

जमिनीला जोर द्यायचा तर तो नुसत्या पोटरीने देता येत नाही. कंबर खचली, धड डुलले, तर पायाने दिलेला जोर मधेच जिरतो. हातांचे काम त्याहून मजेशीर. उजवा पाय पुढे येताना धड एका बाजूला पिळायला बघते, त्याला डावा हात उलट झोक देऊन आवरतो. हात डोक्यावर ठेवून सावकाश पळायला लावले तर शक्ती सुमारे १३ टक्के जास्त खर्च होते, असे अरेलानो आणि क्रॅम यांनी २०१४ मध्ये मोजले. म्हणून मला वाटले, जोरात पळताना हात बांधले तर माणूस कोलमडेलच. तसे होत नाही. २०२२ मध्ये वेयंड यांच्याच गटाने ३० मीटर पळणाऱ्यांचे हात छातीशी बांधून पाहिले. फरक पडला तो सरासरी ०.०८ सेकंदाचा. खांदे आणि धड हातांचे काम बरेचसे उचलतात. 'हात मारा, हात मारा' म्हणून ओरडणाऱ्या मैदानावरच्या गुरुजींनी यावर थोडे थांबून विचार करायला हरकत नाही.

हे सगळे परदेशी प्रयोगशाळांतले असले तरी अंगात भिनलेली विद्या आपल्याकडे नव्हती असे नाही. ती खो-खोत होती. १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्यानेच या खेळाचे नियम बांधायला घेतले. पाठीवर खो पडताच चौकातून सुटणारा गडी पाहा. कंबर खाली, धड पुढे, पहिली दोन पावले आखूड आणि जोराची. खुंटाशी वळताना अंग आत झुकवल्याशिवाय निभावच लागत नाही. खुर्द-बुद्रुकच्या शाळांत हे मुलींनाही येते. आमच्या शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तो याच खेळासाठी. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये जगभर गाजले, त्यांचे कौतुक आहेच. पण आमच्या भागात लांब पळणारे निपजतात आणि जोरात पळणारे निपजत नाहीत, असे जे म्हटले जाते ते मला मान्य नाही. १९१९ च्या पुण्यात जी अडचण होती तीच इथे आहे. शंभर मीटर सरळ, सपाट, आखलेली जागा कुठे आहे? मुले डांबरी रस्त्यावर पळतात, समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की बाजूला होतात.

तो मुलगा आता भरतीच्या वयातून बाहेर पडला. बसस्थानकाजवळ त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे आणि पहाटे तो मुलामुलींना पळवतो. मागच्या उन्हाळ्यात मी त्याला हात बांधून पळण्याचा प्रयोग सांगितला. त्याने रस्त्यावर चुन्याने ३० मीटर आखले, सहा मुलींना एकदा मोकळ्या हातांनी आणि एकदा हात छातीशी धरून पळवले. स्टॉपवॉच माझ्याच हाती दिले. दोन मुलींची वेळ हात बांधल्यावर कमी भरली, एकीची तीच आली, बाकीच्यांची वाढली. वहीत आकडे लिहून झाल्यावर आठवले की हाताने घेतलेली १०० मीटरची वेळ यंत्राच्या वेळेशी ताडताना तिच्यात ०.२४ सेकंद मिळवतात, कारण अंगठ्याला तेवढा उशीर होतो. म्हणजे आठ शतांशांच्या तिप्पट. त्याला हे सांगितले तेव्हा त्याने माझ्या हातातले घड्याळ घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "मग काका, त्या वर्षी तुम्ही माझी वेळ घेतली होती, ती तरी खरी होती का?"