रामटेकचा ढग आणि सीताबर्डीची टेकडी

मंडळी, नागपुरात इंग्रजी रोमँटिक कवितेवर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : कोलरिजचा आणि आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो रामटेकवरून जातो.

१८१३ साली कलकत्त्याला 'मेघदूता'चं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं. भाषांतरकार होरेस हेमन विल्सन. कंपनीचा डॉक्टर म्हणून आलेला हा माणूस टांकसाळीत कामाला लागला आणि संस्कृतात रमला. कालिदासाचा मंदाक्रांता त्याने यमक जुळवलेल्या द्विपदींत बसवला, आणि जोडीला भरपूर टिपा दिल्या. पहिल्या श्लोकातला रामगिरी म्हणजे नागपूरच्या उत्तरेचा रामटेक, हे त्यातल्याच एका टिपेत आहे. मल्लिनाथ चित्रकूट म्हणतो. पुढे आपले वा. वि. मिराशी रामटेकच्या बाजूने ठाम उभे राहिले. तो वाद आज उकरत नाही. मला गंमत वाटते ती टिपेची. नागपूर तेव्हा कंपनीचं नव्हतं. दुसरे रघूजी भोसले गादीवर होते आणि रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स दरबारातली बित्तंबातमी काढत बसला होता. म्हणजे फौजेआधी तळटीप आली!

आता पुढची वर्षं शेजारी ठेवून बघा. मे १८१६. लंडनमध्ये कोलरिजची 'कुब्ला खान' छापून आली. लिहून सुमारे वीस वर्षं पडून होती. त्याच महिन्यात इथे आप्पासाहेब भोसल्यांनी तैनाती फौजेचा तह केला. मे १८१७ मध्ये टॉमस मूरची 'लाला रूख' निघाली. औरंगजेबाची मुलगी लग्नासाठी काश्मीरकडे निघते, वाटेत एक तरुण कवी तिला गोष्टी सांगतो. प्रकाशकाने या काव्याचे ३,००० गिनी मोजले. मूरने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. पूर्व त्याला पुस्तकांतून मिळाली. आणि त्याच वर्षी २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई झाली.

मूरच्या काव्यात गुलाब आहेत, बुलबुल आहेत, जुलमी सुलतान आहेत. सीताबर्डीला भोसल्यांच्या बाजूने खरेखुरे अरब लढत होते, पगारी शिपाई. १६ डिसेंबरच्या लढाईनंतरही ते शहरात तटून बसले. कंपनीचा हल्ला फसला, शेवटी बोलणी करूनच त्यांना बाहेर काढावं लागलं. असा अरब, ज्याला पगार लागतो आणि जो अटी घालतो, तो त्या कवितेत कुठून येणार?

इथे घाईने 'कवी साम्राज्याचे हस्तक होते' असं म्हणू नका. एडवर्ड सईदचं १९७८ चं पुस्तक आल्यापासून हे वाक्य फार स्वस्त झालंय. मूर आयरिश होता. त्याच्या काव्यातल्या अग्निपूजकांच्या बंडात आयर्लंडचंच दुःख आहे, असं त्या काळापासून वाचलं जातं. पण म्हणूनच जास्त बोचतं. स्वतः जिंकल्या गेलेल्या देशाचा हा कवी. आपलं दुःख त्याने लांबच्या इराणात नेऊन ठेवलं, कारण तिथे काहीही ठेवता येत होतं. सदीची गोष्ट वेगळी. 'कर्स ऑफ केहामा' (१८१०) लिहिताना त्याने हिंदू पुराणांचा भरपूर माल उचलला आणि प्रस्तावनेत त्याच धर्माला राक्षसी ठरवलं. माल हवा, मालक नको.

कवितेतल्या पूर्वेला पत्ता नव्हता. जेंकिन्सच्या पूर्वेला होता. १८२७ साली छापलेल्या त्याच्या नागपूर राज्यावरच्या अहवालात जमीन, पिकं, महसूल, जाती सगळं मांडलेलं आहे. नागपूरच्या इतिहासाचा अभ्यासक आजही त्याच्यावाचून पुढे जाऊ शकत नाही, हे मी कुरकुरतच कबूल करतो.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी औरस पुत्राविना वारले. १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. वाड्यातले हत्ती-घोडे इथेच सीताबर्डीला विकले गेले, जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेलं. तेच कलकत्ता, जिथे चाळीस वर्षांपूर्वी यक्षाचा ढग इंग्रजीत उतरला होता. विल्सन तोवर ऑक्सफर्डला संस्कृतचा प्राध्यापक होऊन वीसेक वर्षं झाली होती.

उद्या रामटेकला निघालात, तर नागपूर सोडल्यावर आधी कामठीची छावणी लागते. ती १८२१ ची. मग कन्हान नदीचा पूल, आणि मग रामगिरी.