कपभर कॉफीचे मानकरी

बेसबॉलच्या बोलीत 'कप ऑफ कॉफी' असा एक गमतीदार शब्दप्रयोग आहे. एखादा खेळाडू वर्षानुवर्षे मायनर लीगमध्ये गावोगाव बसने हिंडतो. मग एके दिवशी त्याला मेजर लीगचे बोलावणे येते आणि जेमतेम एक कप कॉफी संपेपर्यंतच तो तिथे टिकतो! अशा मंडळींची नावे आपल्या मुलांच्या बेसबॉल कार्डांच्या डब्यात सहसा सापडत नाहीत. पण पगार, पेन्शन आणि 'व्हेस्टिंग' यांचे हिशेब परक्या देशात नव्याने शिकलेल्या आपणा मंडळींना त्यांची हकीकत परकी वाटणार नाही.

यातले सर्वांत प्रसिद्ध नाव आर्चिबाल्ड ऊर्फ 'मूनलाइट' ग्रॅहॅम यांचे. २९ जून १९०५ रोजी ब्रुकलिनच्या मैदानावर न्यूयॉर्क जायंट्सने ११-१ असा विजय मिळवला. त्या सामन्यात अगदी शेवटी ग्रॅहॅमना राइट फील्डमध्ये उभे केले गेले. नवव्या डावात त्यांची फलंदाजीची पाळी येण्याआधीच संघाचा तिसरा गडी बाद झाला. मेजर लीगमधली त्यांची कारकीर्द एवढीच. १९०८ पर्यंत मायनर लीगमध्ये खेळून ते मिनेसोटातल्या चिझम या लोखंडाच्या खाणींच्या गावी गेले. हातात वैद्यकीय पदवी होतीच. युरोपातून आलेल्या खाणकामगारांच्या मुलांचे शाळा-डॉक्टर म्हणून त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे काम केले. मुलांच्या रक्तदाबावर त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला अभ्यास १९४५ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९६५ साली ते वारले. 'फील्ड ऑफ ड्रीम्स' या १९८९ च्या चित्रपटामुळे त्यांचे नाव घरोघरी पोचले, ते त्यानंतर चोवीस वर्षांनी.

लॅरी याउंटची कथा त्याहून चमत्कारिक. १५ सप्टेंबर १९७१ रोजी ह्यूस्टनसाठी पिचर म्हणून त्याचे नाव पुकारले गेले. सरावाचे चेंडू टाकतानाच कोपर दुखावले आणि प्रत्यक्ष सामन्यातला एकही चेंडू न टाकता तो परतला. नाव पुकारले गेल्यामुळे नियमाप्रमाणे सामना त्याच्या खात्यावर जमा झाला. दुसरा कधीच झाला नाही. त्याचा धाकटा भाऊ रॉबिन मात्र १९९९ साली हॉल ऑफ फेममध्ये पोचला.

आपल्याकडे अशी रुखरुख म्हटली की पद्माकर शिवलकर आठवतात. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, पण कसोटी एकही नाही! मात्र त्या काळच्या मुंबईत चांगल्या क्रिकेटपटूला बँक, रेल्वे किंवा एखादी मोठी कंपनी नोकरी देई. खेळ थांबला तरी महिन्याचा पगार चालू राही. अमेरिकेतल्या बेसबॉलपटूला तसा आधार नव्हता. १९६७ साली मेजर लीगमधला किमान वार्षिक पगार ६,००० डॉलर्स होता. हिवाळ्यात दुसरी नोकरी करणे अनेकांना भागच पडे.

मेजर लीगची पेन्शन योजना १९४७ साली सुरू झाली. तिचा लाभ मिळायला आधी पाच आणि पुढे चार वर्षांची सेवा लागे. सेवेचे १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात. १९८० साली खेळाडूंच्या संघटनेने मोठी सवलत मिळवली: ४३ दिवस, म्हणजे पाव वर्ष भरले तरी पेन्शन, आणि एक दिवस भरला तरी आरोग्यविमा. पण हा नियम मागच्या खेळाडूंना लागू झाला नाही. परिणाम असा, की १९७९ पर्यंत तीन वर्षे खेळून निवृत्त झालेला गडी रिकाम्या हाताने घरी गेला, तर त्यानंतर दीड महिना खेळलेल्याला जन्मभराची पेन्शन लागली. वाटाघाटीच्या टेबलावर जागा असते ती आजच्या खेळाडूंना. कालच्यांची बाजू मांडायला तिथे कोण बसणार?

वगळलेल्यांसाठी काही हालचाल झाली ती २०११ साली. दर ४३ दिवसांच्या सेवेमागे वर्षाला ६२५ डॉलर्स, फार तर १०,००० असे ठरले. २०२२ साली हे आकडे ७१८.७५ आणि ११,५०० झाले. म्हणजे दोन वर्षे मेजर लीगमध्ये काढलेल्याला वर्षाकाठी ५,७५० डॉलर्स. शिवाय ही रक्कम पेन्शन नव्हे; खेळाडू गेला की ती बंद होते आणि बायकोमुलांच्या हाती काही येत नाही.

सोशल सिक्युरिटीची चाळीस क्रेडिट्स मोजत नोकऱ्या बदललेल्या आपल्या पिढीला यातली बोच वेगळी सांगायला नको. बेसबॉल आपल्या नोंदवहीबद्दल फार काटेकोर आहे. ग्रॅहॅमचा तो एक सामना तिने शंभराहून अधिक वर्षे जपला, याउंटचा न टाकलेला चेंडूही जपला. त्याच वहीत या वगळलेल्यांच्या सेवेचे दिवसही नेमके लिहिलेले आहेत. हिशेब पुरा करायला नवी माहिती गोळा करण्याची गरजच नाही. उशीर मात्र परवडणारा नाही: त्यांतले जे हयात आहेत, त्यांपैकी बहुतेकांनी सत्तरी केव्हाच ओलांडली आहे.