ठिपक्यांच्या आकृतीची कुळकथा

दुर्बिणीचा आराखडा बेतणारं सॉफ्टवेअर उघडलं, की पडद्यावर ठिपक्यांचा पुंजका उमटतो; ताऱ्याचा एकेक किरण जिथे पडतो तिथे एकेक ठिपका. पुंजका जितका आवळलेला तितकी दुर्बीण चांगली, असं नवखा धरून चालतो.

या ठिपक्यांचं कूळ संगणकाहून जुनं. पूर्वी एकेक किरण प्रत्येक पृष्ठभागावर किती वळतो, ते लॉगॅरिदमच्या कोष्टकांवरून हातानं काढत. १८४० मध्ये व्हिएन्नात पेट्झवाल या गणितज्ञाला कॅमेऱ्याच्या भिंगाच्या आकडेमोडीसाठी तोफखान्यातले गणिती जवान दिले होते. प्रत्यक्ष ठिपके उमटवले योहानेस हार्टमाननं. १९०० च्या सुमारास पोट्सडामच्या ८० सेंटिमीटरच्या दुर्बिणीपुढे त्यानं भोकांचा पडदा लावला, नाभीच्या अलीकडे-पलीकडे छायाचित्रं घेतली आणि कुठला किरण कुठे भरकटतो ते मोजलं. सॉफ्टवेअरही किरणच मोजतं. फक्त काच अजून घडलेली नसते.

गोम इथेच आहे. सॉफ्टवेअरला एफ/५ चा अन्वस्ताकार आरसा द्या. अक्षावरच्या ताऱ्यासाठी पुंजक्याची त्रिज्या येते चक्क शून्य! प्रकाश मात्र लहर आहे. ताऱ्याची प्रतिमा ठरावीक तबकडीहून लहान होत नाही, हे जॉर्ज एअरीनं १८३५ मध्येच दाखवलं होतं. हिरव्या प्रकाशात या आरशाची तबकडी सुमारे ६.७ मायक्रॉनची. म्हणून जाणकार आधी पुंजक्याभोवती एअरीचं वर्तुळ काढायला लावतात. सगळे ठिपके त्याच्या आत असतील, तर तीन मायक्रॉनचे दोन केले म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. तिथून पुढे कार्ल श्ट्रेलचं गुणोत्तर पाहायचं, म्हणजे प्रतिमेच्या मध्याची तेजस्विता निर्दोष दुर्बिणीच्या किती पट भरते ते. ते ०.८ च्या वर असेल, तर आराखडा पुरेसा चांगला मानतात.

आराखडा बरोबर आला म्हणजे आरसा बरोबर झाला, असंही नाही. हबल या अवकाश दुर्बिणीचं गणित चोख होतं. पण आरसा तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेलं राहिलं आणि त्या चुकीच्या मापाला आरसा तंतोतंत घासला गेला. काठाशी तो सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट झाला. दुसऱ्या, साध्या उपकरणानं खोट दाखवली होती. तेच कमी अचूक म्हणून तिकडे दुर्लक्ष झालं. १९९० मध्ये अवकाशातून ताऱ्यांची पसरट चित्रं आली. त्यांवरून उलटं गणित करून आरशाच्या वक्राचा आकार सांगणारा शंकू-स्थिरांक काढला, तर तो -१.००२३ ऐवजी -१.०१३९ निघाला. डिसेंबर १९९३ मध्ये हबलवर बसवलेली दुरुस्तीची प्रकाशयंत्रणा याच चुकीच्या आकड्यावर बेतलेली होती.